पाणी, साखर की मीठ?

आमच्या सरांच्या खोलीला दार नव्हतं. चौकट होती, उंबरा होता, कडी अडकवायचा कोयंडासुद्धा होता. पण दाराच्या फळ्या काढून त्यांनी शाळेच्या प्रयोगशाळेला टेबल करून दिलं होतं. चौकटीत गोणपाटाचे दोन पडदे टांगलेले, एकामागे एक, मध्ये हातभर जागा. पहिला पडदा सारून माणूस आत शिरला की दोन पडद्यांच्या मध्ये उभा राहायचा आणि आतून आवाज यायचा, "पाणी, साखर की मीठ?"

नवखा माणूस हमखास फसायचा. एकदा एक विमा एजंट "साखर चालेल, पण जरा कमी" असं म्हणून चहाची वाट बघत तिथंच उभा राहिला. माझ्या माहितीप्रमाणे त्याची पॉलिसी पिकली, तरी तो तिथंच होता.

माझ्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यायचं, असं माझी बायको पाहुण्यांना आधीच सांगून ठेवते. वाचकांनीही खुशाल सोडावं. फक्त पुढं मिठाचा जो भाग येईल तो सोडू नये. तो अक्षरशः खरा आहे, आणि त्यातलं गाढव मी आहे.

सर आम्हाला देऊळघाटच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. मूळचे साखरखेर्ड्याकडचे, उंच, काटकुळे, आणि खिशात कायम भाकरीचा तुकडा. महाराष्ट्र होऊन बारा-चौदा वर्षं झाली होती, दुष्काळ नुकताच सरला होता, आणि जगात बघण्यासारखं पुष्कळ काही असताना या माणसाने आपलं सगळं आयुष्य एका गोष्टीवर ओवाळून टाकलं होतं: पेशीचा पडदा. डोळ्यांना न दिसणारी पेशी, तिच्याभोवती त्याहून न दिसणारं पातळ आवरण, आणि त्यातून कोण आत जातं, कोण बाहेर येतं. "जीव म्हणजे काय रे?" ते विचारायचे, आणि आम्ही तोंड उघडायच्या आत सांगायचे, "कोण आत अन् कोण बाहेर, याचा बंदोबस्त."

पडद्यामागचा तो प्रश्न त्यातलाच. पाणी म्हणजे ज्याला कुणाची परवानगी लागत नाही, आपसूक वाट काढून आत-बाहेर करतो तो. सरांच्या लेखी असा एकच प्राणी होता, घरमालकाची मांजर. साखर म्हणजे ज्याला आत यायला सोबत लागते. कुणीतरी ओळखीच्याने हाताला धरून आणावं लागतं. विद्यार्थ्यांचे बाप यात मोडत. आणि मीठ म्हणजे ज्याला आत घ्यायचं किंवा बाहेर काढायचं तर अंगातली ताकद खर्च होते. तपासणीला येणारे साहेब मीठ, हेडमास्तर मीठ आणि मी मीठ.

सर खुशीत असले की पुस्तकी बोलत आणि चिडले की वऱ्हाडी. त्यांची पुस्तकी भाषा माझ्या वाट्याला फार कमी आली.

एकदा त्यांना मुंबईच्या कुणा मित्राने टंकलिखित एक पान पाठवलं. ते वाचून सर दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी वर्गात आले आणि म्हणाले, "मागच्या वर्षीच्या पोरांना मी चूक शिकवलं. मी सांगितलं होतं, मधे चरबीचा थर आणि दोन्ही अंगांना प्रथिनांचा लेप. आता म्हणतात तसं नाही. प्रथिनं त्या चरबीतच घुसलेली असतात, आणि यात्रेतल्या माणसांसारखी इकडून तिकडं हिंडतात."

दुसऱ्या कुणी मास्तरने हे नव्या पोरांना सांगून विषय मिटवला असता. सरांनी सायकल काढली आणि मागच्या वर्षीच्या एकेका पोराला शोधत निघाले. एक जण पार संग्रामपूरला मामाच्या दुकानात लागला होता. तिथंही गेले. सायकलवर. सातपुडा नाकासमोर येईस्तोवर. तो बिचारा बाजारच्या दिवशी मिरच्या जोखत होता. सर घामाने निथळत त्याच्यापुढं उभे राहिले आणि म्हणाले, "पडद्याचं मी तुले चूक सांगितलं होतं रे."

तो हात जोडून म्हणाला, "जाऊ द्या ना सर. मी तं ते कवाच विसरलो."

"बरं केलं," सर म्हणाले. "आता बरोबर सांगतो. मंग हे विसर."

आणि त्या मिरच्यांच्या ढिगाशेजारी बसून त्यांनी त्याला सगळं पुन्हा शिकवलं. दोन गिऱ्हाइकांना फुकटात ज्ञान मिळालं आणि शिंकासुद्धा.

आम्हाला मात्र नवा पडदा अंगावर शिकायला मिळाला. शाळेच्या मैदानात सरांनी वर्गातल्या पोरांना जमिनीवर आडवं केलं, दोन रांगांत, पायांना पाय भिडवून. दोन्ही बाजूंना, डोक्यांशी, पाण्याच्या बादल्या. "तुम्ही चरबीचे कण," सर ओरडले. "मुंडक्याले पाणी आवडते, पायाले आवडत नाही. म्हणून मुंडकी पाण्याकडं अन् पाय मधात लपवलेले. असा दोन पदरी पडदा. आता सरका थोडं, पण रांग मोडू नका!" पोरं उताणी सरकत होती, ऊन रणरणत होतं, आणि रस्त्याने जाणाऱ्या एका म्हाताऱ्याने बैलगाडी थांबवली.

"मास्तर, काय झालं हो? सारेच पोट्टे एकदम गेले?"

"नाही बाबा," सर म्हणाले. "जीव अठीसूनच सुरू होते."

म्हाताऱ्याने बैलांना असा काही दट्ट्या दिला की गाडी बुलढाण्यालाच जाऊन थांबली असेल.

त्या रांगांत अधूनमधून काही पोरं उभी केली होती. ती प्रथिनं, म्हणजे पडद्यातली दारं. मला दार केलं, कारण आडवं केलं तर हा झोपेल याची सरांना खात्री होती. काम सोपं होतं. बाहेरून गुळाचा खडा येईल, तो पेशीची साखर. मी तो हातात घ्यायचा, गर्रकन वळायचं आणि आतल्या बादलीपाशी ठेवायचा. पाच खडे आले. सर आत मोजायला गेले. आत एकही नव्हता.

"काऊन बे?" सरांनी विचारलं. माझं तोंड भरलेलं असल्यामुळं मला उत्तर देता आलं नाही.

"मी जगातल्या साऱ्या जिवांचे पडदे वाचले," सर साऱ्या शाळेला ऐकू जाईल असं म्हणाले, "पण येणाऱ्यालेच खाऊन टाकणारं दार आज पहिल्यांदा पाह्यलं." पुढची दोन वर्षं शाळेत मला नावाने कुणी हाक मारली नाही. सगळे 'दार' म्हणत.

त्यांचा आणखी एक नेम होता. पेशी तीन सोडियम बाहेर फेकते आणि दोन पोटॅशियम आत ओढते, आणि हे काम फुकट होत नाही, दर फेरीला तिला आपल्या शिदोरीतला एक घास मोडावा लागतो. हे आमच्या डोक्यात बसावं म्हणून सरांनी वर्गालाच तो नियम लावला. पाणी प्यायला एकदम तिघांना सोडत, आणि परत येताना दोघांनाच आत घेत. प्रत्येक फेरीला एक पोरगा बाहेर उरे. तास संपेस्तोवर वर्गात सर, फळा आणि पहिल्या बाकावरचा ताप आलेला एक पोरगा एवढंच शिल्लक राही. बाकी सगळे चिंचेखाली. मला तर वाटतं, आमच्या गावातून इतके चांगले गोटी खेळणारे निघाले ते जीवशास्त्रामुळंच.

आता मिठाचं.

आमचं घर भाजीपाल्याचं. बाप लवकर गेला, वावर मोठ्या भावाने, दादाने, सांभाळलं. दादा कमी बोलायचा. जे बोलायचा ते पाळायचा. त्या उन्हाळ्यात त्याने मला वांग्याच्या वाफ्यापाशी उभं करून सांगितलं होतं, "हे वांगे नीट पिकले तं तू बुलढाण्याले कॉलेजात जाशीन. नाही पिकले तं खुरपं हाये अन् तू हाये." माझं खुरप्याशी लहानपणापासून जमलं नव्हतं. म्हणजे माझं सगळं आयुष्य त्या वांग्यांना टांगलेलं होतं.

आणि विहिरीने तळ दाखवला. दुष्काळात रिकामी झालेली विहीर अजून सावरली नव्हती. बांधापलीकडं तात्यांचं वावर, आमच्याहून उताराला, त्यांच्या विहिरीला मात्र भरपूर पाणी. तात्या आमच्या भावकीतले नव्हते, दुश्मनही नव्हते. फक्त पाच वर्षांपूर्वी एका बाभळीवरून दादाशी त्यांचं बोलणं थांबलं होतं.

त्याच आठवड्यात सरांनी बटाट्याचा प्रयोग दाखवला. कच्चा बटाटा सोलून वर खळगा कोरायचा, खळग्यात मीठ भरायचं आणि बटाटा पाण्याच्या ताटलीत ठेवायचा. थोड्या वेळाने खळगा आपोआप पाण्याने भरतो. ताटलीतलं पाणी बटाट्याच्या पेशींच्या पडद्यांतून वर चढतं, मिठाकडं. सर म्हणाले, "जिकडं मीठ जास्त, तिकडं पाणी धावते."

त्यापुढंही ते बराच वेळ बोलले. पण माझं ऐकणं त्या वाक्यापाशी थांबलं. माझ्या डोक्यात असा काही प्रकाश पडला, की शेजारच्या पोराने डोळ्यांवर हात धरला. तात्यांचं वावर म्हणजे ताटली. आमचं वावर म्हणजे खळगा. मधला बांध म्हणजे पडदा. मीठ टाकलं की झालं! तात्यांचं पाणी बांधाखालून सुमडीत आमच्या वांग्यांना येणार, आणि तात्यांना थांगपत्ता लागणार नाही. एवढी साधी गोष्ट त्या मुंबईच्या मित्राला सुचली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दादा भाजी घेऊन बुलढाण्याच्या बाजाराला गेला. बैलांना चारायला आणि लोणच्याला म्हणून खडेमिठाचं पोतं घरात होतं. ते मी पाठीवर घेतलं आणि बांधालगतच्या साऱ्या वाफ्यांत, एकेका झाडाच्या बुडाशी, मुठी-मुठीने मीठ घातलं. वर विहिरीतलं उरलंसुरलं पाणी शिंपडलं, म्हणजे गाडी सुरू व्हावी. कुणाच्या लग्नात अक्षता टाकल्या नसतील इतक्या मायेने मी ते मीठ टाकलं.

सकाळी उठून बघतो, तर वाफे ओले! माती काळीशार, मऊ. मी बांधावर उभा राहून तात्यांच्या विहिरीकडं बघितलं आणि मला त्यांची चक्क कीव आली. दादा भाजीची टोपली घेऊन पुन्हा बाजाराला निघाला होता; त्याला मी म्हणालो, "संध्याकाळी ये, तुले गंमत दाखवतो."

गंमत दुपारीच दिसली. पानं आधी मलूल झाली, मग खाली आली, मग झाडंच्या झाडं माना टाकून उभी राहिली. जणू कुणी गेलंय आणि सगळे भेटायला आलेत. मी पळत सुटलो तो थेट सरांच्या दोन पडद्यांच्या मध्ये.

"पाणी, साखर की मीठ?"

"मीठ सर!" मी रडत ओरडलो. "एक पोतं!"

आतून पुस्तक मिटल्याचा आवाज आला. मग दुसरा पडदा सरकला. सरांनी मला एकदा पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, आणि सायकल काढली.

वावरात आल्यावर त्यांनी पहिल्यांदा चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि थुंकली. "लेका," ते म्हणाले, "तू वावराचं लोणचं घातलं."

"पण सर, ओल आली होती! तात्याच्या वावरातून..."

"तात्याच्या वावरातून? मधात एवढा बांध, अन् थो कायचा पडदा? पडदा वांग्याच्या मुळात हाये. मुळाच्या पेशीत पाणी होतं, तू भायेर मीठ टाकलं. जिकडं मीठ जास्त, तिकडं पाणी धावलं. भायेर! काही ओल तू शिंपडलेल्या पाण्याची, काही हवेतून मिठानं ओढली, बाकी तुह्याच वांग्यांची. पाण्याले सातबारा वाचता येत नाही बे. तात्याचं कोणतं अन् तुहं कोणतं, हे त्याले काय माहीत?"

मी मटकन खाली बसलो. बुलढाण्याचं कॉलेज मला त्या वाफ्यात माना टाकून उभं दिसत होतं.

सरांनी मला बसू दिलं नाही. आधी हाताने वरची माती खरवडून मिठाचे खडे दूर फेकायला लावले. मग वाफ्याच्या बाहेर चर काढायला लावला. "आता पाणी," ते म्हणाले. "नुसतं शिंपडायचं नाही. इतकं ओतायचं, की उरलेलं मीठ विरघळून चरातून वाहून गेलं पायजे. आत पाणी परत फिरंन तं फिरंन."

"आमच्या विहिरीत नाही सर."

"कोणाच्या हाये?"

मी बांधापलीकडं बघितलं. सरांनीही बघितलं.

"सर, तुम्ही बोलून द्या ना."

"मी सोबत येतो. साखरेले सोबत लागते ना? पण बोलशीन तू. अन् जे केलं ते सांगशीन."

तात्या लिंबाखाली पानाला चुना लावत बसले होते. सर त्यांच्या समोर पाठीमागे हात बांधून, खांबासारखे गप्प उभे राहिले. मी जमिनीकडं बघून म्हणालो, "तात्या, मी तुमचं पाणी चोरून राह्यलो होतो."

"कवा बे?"

"काल."

"किती नेलं?"

"एक थेंबही नाही आला."

"मंग कायनं चोरून राह्यला होता?"

"मिठानं."

तात्यांचा चुन्याचा हात तसाच राहिला. मग त्यांनी मला अथपासून इतिपर्यंत सगळं सांगायला लावलं. सांगून झाल्यावर त्यांनी खोपटाकडं तोंड करून हाक मारली, "अवो, अठी ये ना जराक! हे पोट्टं काय म्हणते ते आयक!" काकू आल्या. मी पुन्हा सांगितलं. मग त्यांचा सालदार आला, त्याला पुन्हा. चौथ्या वेळी नुकताच आलेला सालदाराचा मेव्हणा होता. आजतागायत मी इतक्या एकाग्र वर्गाला कधी काही शिकवलेलं नाही.

हसून झाल्यावर तात्या डोळे पुसत म्हणाले, "पाणी घे लेका. मोट माह्ये बैल ओढतीन. पण पाटानं येणार नाही तुह्याकडं. तुहं वावर चढाले हाये. खांद्यावर नेजो."

हे ऐकताच सरांचा चेहरा असा उजळला, की त्यांच्या तोंडी पुस्तकी भाषा आली. "पाहिलंस? उताराकडं सगळं आपसूक जातं. चढावर न्यायचं तर खर्च करावा लागतो. चल, उचल कावड."

मी कावड उचलली. दोन्ही टोकांना डबे, मध्ये मी, वर ऊन. मोटेचं पाणी पडतं त्या तात्यांच्या थारोळ्यापासून बांधावर, बांधावरून वाफ्यापर्यंत. तीन खेपा झाल्या की बांधावर बसलेले सर खिशातली भाकर काढत, एक तुकडा मोडत आणि माझ्या तोंडात घालत. दर तीन खेपांना एक तुकडा. मी चौथ्या खेपेला तोंड उघडलं तर ते म्हणाले, "दोन खेपा राह्यल्या अजून." अशा किती खेपा झाल्या ते मी सांगणार नाही. बायकोला मी हजार सांगितल्या आहेत. तात्यांच्या घरी शंभर म्हणतात. खांद्याचं कातडं सोलल्याचं मात्र दोन्हीकडं मान्य आहे.

ऊन उतरताना दादा बाजारातून आला. त्याने जे बघितलं ते असं: वाफ्यांत चिखल, चरातून पाणी वाहतंय, धाकटा भाऊ कावडीखाली डगमगतोय, शाळेचा मास्तर त्याला बांधावर घास भरवतोय, आणि पाच वर्षं न बोललेले तात्या पलीकडून ओरडतायत, "तुह्या भावानं मीठ लावलं बाप्पा वावराले!"

दुसऱ्या कुणी मला पाचव्यांदा सांगायला लावलं असतं. पण दादाने काही विचारलं नाही. त्याने टोपली ठेवली, घरातून दुसरी कावड आणली आणि माझ्यामागून तात्यांच्या थारोळ्याकडं चालू लागला. तिथं तात्यांनी त्याला पान दिलं. त्याने घेतलं. बाभळीचं नाव कुणी काढलं नाही. मला सगळ्यांत जास्त भीती त्या शांततेचीच वाटली.

बांधाकडचे वाफे निम्मे गेले. उरलेल्या झाडांनी दोन दिवसांनी माना वर काढल्या, आणि आतल्या बाजूचे वाफे तर शाबूतच होते. ती वांगी बाजारात गेली तेव्हा देऊळघाटात पोरं म्हणायची, भाजीत मीठ टाकू नका, आधीच टाकलंय.

दादाचा निकाल मात्र अजून लागला नव्हता. मी खुरपं धुऊन, पुसून ठेवलं होतं. एक दिवस माय त्याला म्हणाली, "मंग याचं काय ठरवलं रे? बांधाकडचे वांगे तं अर्धे गेले."

दादा भाकरी मोडत म्हणाला, "याले कॉलेजात धाडाच लागते माय. हा घरी राह्यला तं वावर उरत नाही."

असा मी बुलढाण्याला गेलो. माझ्या घराण्यात शिक्षणासाठी बाहेर पडलेला मी पहिला, आणि पिकाच्या रक्षणासाठी बाहेर काढलेलाही. पुढं मीही मास्तर झालो, आणि बटाट्याचा प्रयोग दाखवताना 'जिकडं मीठ जास्त' या वाक्याआधी वर्गाची दोन्ही दारं बंद करून घेत आलो. ते वाक्य ऐकून कुणी मध्येच पळू नये.

सर निवृत्त होऊन साखरखेर्ड्याला परत गेले. बऱ्याच वर्षांनी मी त्यांना भेटायला गेलो. घर नवं होतं, चौकटीत चांगलं सागवानी दार होतं. पण ते उघडं ठेवून आत दोन पडदे टांगलेले होते, एकामागे एक. मी पहिला सारला आणि मध्ये उभा राहिलो.

"पाणी, साखर की मीठ?" आवाज बारीक झाला होता.

 मी पिशवीतून कागदाची पुडी काढली आणि दुसऱ्या पडद्याच्या फटीतून आत सरकवली. पुडीत गुळाचे पाच खडे होते. सगळ्या वाटेत, एस.टी.त, उन्हात, मी त्यांना हात लावला नव्हता. हे वाचकांनी सोडून द्यायच्या निम्म्यात धरू नये.

आत कागद उलगडल्याचा आवाज आला. मग बराच वेळ नुसती खुडबुड. नंतर कळलं, सर चष्मा शोधत होते. खड्यांवर दातांच्या खुणा आहेत का, ते बघायला.

"पाचही आले," आतून आवाज आला. "ये रे दारा, आत ये."